दिनारियस आणि बारा सीझरांचा संच

दिनारियस हे प्राचीन रोमचे चांदीचे मुख्य नाणे. रोम आणि कार्थेज यांच्यातल्या दुसऱ्या प्यूनिक युद्धाच्या काळात, इ.स.पू. २११ च्या सुमारास, ते प्रथम पाडले गेले. संस्कृतातला ‘दीनार’ शब्द त्यावरूनच आला.

आरंभी नाण्यांवर देवदेवता असत. रोमच्या टांकसाळीने हयात रोमन माणसाचा चेहरा नाण्यावर आणला तो इ.स.पू. ४४ मध्ये, ज्यूलियस सीझरचा. त्याच वर्षी त्याचा खून झाला. पुढे सम्राटाचा चेहरा ही नाण्याची ओळखच बनली. हे चेहरे नेहमी गोड करून दाखवलेले नाहीत. व्हेस्पेशियनचे टक्कल, कपाळावरच्या आठ्या आणि जाड मान तशीच कोरलेली आहे. नीरो तर पोरसवदा चेहऱ्यापासून दुहेरी हनुवटीपर्यंत वाढताना दिसतो. नाणी हाताने ठोकून पाडलेली असल्याने एकासारखे दुसरे नसते. एखाद्यावर नाक पूर्ण उमटते, तर नाव कडेबाहेर गेलेले असते.

रोमन चरित्रकार सुएटोनियसने ज्यांची चरित्रे लिहिली त्या ज्यूलियस ते डोमिशन अशा बारा जणांचा चांदीचा संच हे संग्राहकांचे जुने ध्येय आहे. टायबेरियस आणि व्हेस्पेशियन सहज मिळतात, कॅलिग्युला व क्लॉडियस शोधावे लागतात. ऑथोपाशी बहुतेकांचे घोडे अडते. इ.स. ६९ मध्ये तो जेमतेम तीन महिने गादीवर होता आणि रोमच्या टांकसाळीतून त्याच्या नावाचे तांब्याचे नाणे निघालेच नाही. त्यामुळे स्वस्त पर्यायही उरत नाही.

ऑगस्टसच्या वेळी एका रोमन पौंडातून ८४ दिनारियस निघत आणि चांदी जवळजवळ शुद्ध असे. इ.स. ६४ मध्ये नीरोने ही संख्या ९६ केली व हीणही वाढवले. पुढे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंत चांदी निम्म्यावर आली. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली खोटी नाणी त्या काळीही फिरत. आज संग्राहक तीही आवडीने ठेवतात. आधुनिक ओतीव नकला मात्र कडेवरची सांध्याची रेघ बघून बऱ्याचदा पकडता येतात.

भारतात ही नाणी मिरी व इतर मालाच्या व्यापारातून आली. कोईमतूर परिसरात पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या निधींत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच चांदीची नाणी भरपूर सापडतात. नीरोने हीण वाढवल्यानंतरची नाणी भारतात फारच थोडी मिळतात, यावरून इथल्या व्यापाऱ्यांची पारख दिसते. काही निधींतल्या नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच मुद्दाम छेद मारलेला आहे.