ठेवणीतलं लुगडं

मराठीत आवाजही ठेवणीतला असतो आणि शिव्याही. मला मात्र हा शब्द ऐकला की आजीची लोखंडी ट्रंक आठवते. तळाशी, आजोबांच्या विरलेल्या धोतरात गुंडाळलेली तिची एकुलती एक पैठणी. दसरा झाला की ती बाहेर निघे, सावलीत वारा खाई आणि वेगळी घडी घालून परत आत जाई. एकाच घडीवर राहिली तर तिथेच रेशीम चिरतं आणि जरीची तार तुटते. डांबराच्या गोळ्या जवळपास नकोत, तार काळी पडते. त्यापेक्षा लवंगा बऱ्या.

एवढी जपणूक निव्वळ हौसेपोटी नव्हती. पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवून मोर, मुनिया, आसावली अशी नक्षी विणतात. भरगच्च पदराला महिनेच्या महिने जातात. त्यात जुनी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. थोडक्यात, लुगडं म्हणजे मोडीत निघू शकणारा ऐवज. आणि तो मोडलाही गेला: अडचणीत किंवा लुगडं फाटल्यावर जर जाळून चांदी काढायची रीतच होती. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पैठण्या आज फारशा दिसत नाहीत, त्याचं हे एक कारण.

कापड ठेवणीत राहण्याचं दुसरं कारण सोवळ्याचं. पूजेला, पंगतीला रेशमी कद किंवा मुकटा, म्हणजे सोवळ्यात नेसायचं वस्त्र, लागे. तो रोज अंगावर घालायचा नसल्यामुळे आपोआप वेगळा राही.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, वापरातलं लुगडं स्वस्त झालं आणि ठेवणीतल्याशी त्याचं अंतर आणखी वाढलं. महायुद्धात, १९४३ पासून, कापडावर नियंत्रण आलं तेव्हा साधं सुती लुगडंसुद्धा जपून नेसावं लागे.

या सगळ्यात एक रीत मला फार आवडते. नवी साडी बऱ्याच घरांत स्वतः आधी नेसत नाहीत. बहिणीला, जावेला, मैत्रिणीला ‘घडी मोडायला’ देतात. आजीच्या पैठणीची घडी तिच्या धाकट्या जावेनं मोडली होती, एका मंगळागौरीला. पदरावर तेलाचा एक डाग पडला. तो अजून आहे, आणि कुणामुळे पडला हे आजी शेवटपर्यंत सांगत असे.