बागकामासह कलाकार निवास : कोकणातल्या जागांसाठी अर्ज करताना कुठे अडतं

कोकणातल्या वाडीत दोन ते चार आठवडे राहायचं, सकाळचे चार-पाच तास बागेत काम करायचं आणि उरलेला दिवस आपल्या लेखनाला, चित्राला, संगीताला द्यायचा. अशा निवासासाठी अर्ज करणाऱ्यांत गुणी माणसं कमी नसतात, तरी अर्ज नाकारले जातात. कारण बहुतेक वेळा कलेत नसतं, बागकामाच्या रकान्यात असतं. कलेबद्दल पानंच्या पानं लिहिलेली असतात आणि बागेबद्दल एकच ओळ: ‘मला निसर्गाची आवड आहे.’ निवडणाऱ्याला त्या ओळीतून काही कळत नाही. सकाळी सातला फावडं हातात घेऊन कोण उभं राहील, हे त्याला ठरवायचं असतं.

आधी एक गैरसमज दूर करू. ही सरकारी योजना नाही. अशा जागा बागायतदारांच्या, न्यासांच्या किंवा कृषी पर्यटन केंद्रांच्या असतात आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला हे मागितल्याशिवाय जोडू नका. ‘शेतीचा अनुभव असल्यास लिहा’ हे वाचून लोक सातबारा जोडतात. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे माड-पोफळीला पाणी देता येतं असं नाही, आणि नाव नसलं म्हणून अडत नाही. घरामागच्या परसात काय लावलं, ते जगलं की मेलं, आजोळी मे महिन्यात आंबे उतरवायला मदत केली का, हे चार वाक्यांत लिहा. अनुभव नसेल तर ‘नाही, पण शिकेन’ असं स्पष्ट लिहिलेलं चालतं. खोटं लिहिलेलं पहिल्याच दिवशी उघडं पडतं.

वय 18 पूर्ण हवं, वरची मर्यादा सहसा नसते. कलेची पदवी बहुतेक ठिकाणी मागत नाहीत, कामाचे नमुने मागतात. इथे आपल्याच भागातले लोककलाकार मागे राहतात, आणि ते पाहवत नाही. पिंगुळीच्या चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या, परंपरेत वाढलेल्या किंवा दशावतारात वर्षानुवर्षं भूमिका करणाऱ्या माणसाकडे ‘पोर्टफोलिओ’ नसतो. त्याची गरजही नाही. मोबाइलवर स्थिर धरून केलेलं पाच-सात मिनिटांचं चित्रण आणि सोबत साध्या मराठीत अर्धं पान पुरतं. अर्ज इंग्रजीतच हवा असं कुठे लिहिलं असेल, तर फोन करून मराठीत चालेल का ते विचारा. विचारल्यावर पुष्कळदा हो म्हणतात. दशावतारी मंडळींनी आणखी एक बघावं: नाटकांचा हंगाम कार्तिकापासून पावसाच्या तोंडापर्यंत चालतो, म्हणून तुम्हाला पावसाळ्यातलाच मुक्काम जमेल. अर्जात तारखा तशाच मागा.

तारखांचा हा मुद्दा सगळ्यांनाच लागू आहे. मुक्काम कधी हवा हे तुमच्या सुट्टीवरून ठरवू नका, बागेत तेव्हा काय काम असतं ते आधी बघा. जून-जुलैत भातलावणी आणि नवी कलमं लावणं, त्यानंतर बेणणी, म्हणजे तण काढणं. पाऊस सरला की गवत कापणं, झाडांची आळी करणं, आणि मग उन्हाळा संपेपर्यंत नारळ-सुपारीचं शिंपणं. मार्चपासून काजू आणि आंबा, एप्रिल-मेमध्ये कोकम. मे महिन्यात ‘शांतपणे कादंबरी लिहायची आहे’ असं लिहिलेला अर्ज बागायतदार बाजूला ठेवतो, कारण त्या दिवसांत वाडीत कोणालाच फुरसत नसते. निवांत वेळ हवा असेल तर डिसेंबर-जानेवारी मागा. पावसाळा मागणाऱ्या चित्रकारांनी हवेतल्या दमटपणाचा विचार करावा. कागदाला बुरशी धरते, तैलरंग वाळायला फार वेळ घेतात. साहित्य त्याप्रमाणे निवडलंय असं प्रस्तावात दिसलं की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

प्रस्तावात ‘निसर्गाच्या सान्निध्यात प्रेरणा घेणार’ हे वाक्य नको. ‘रोजच्या शिंपण्याच्या वेळी पाटाच्या पाण्याचे आणि माणसांच्या बोलण्याचे आवाज मुद्रित करून शेवटी दहा मिनिटांची रचना करणार’ असं काही लिहा. काम आणि कला एकमेकांना कुठे भिडतात ते त्यात दिसतं.

आता ज्या कागदावर सर्वांत जास्त अर्ज अडतात तो: वैद्यकीय दाखला. ‘तंदुरुस्त आहे’ एवढंच लिहिलेला, नोकरीसाठी काढलेला जुना दाखला चालत नाही. नोंदणीकृत डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, शिक्का आणि अलीकडची तारीख हवी. उन्हात वाकून काम करणं, ओझं उचलणं झेपेल असा उल्लेखही हवा. डॉक्टरांकडे जाताना कामाची माहिती असलेलं पान सोबत न्या, म्हणजे दुसरी फेरी होत नाही. धनुर्वाताची लस कधी घेतली ते लिहा. दहा वर्षं होऊन गेली असतील तर घेऊन टाका. काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याचा चीक यांनी कातडी भाजते, काहींना अंगभर पुरळ येतं. ॲलर्जीचा रकाना म्हणूनच रिकामा सोडू नका. आजार लपवूही नका. पाठीचं दुखणं असेल तर रोपवाटिकेत बसून पिशव्या भरण्याचं काम मागता येतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लागण होते आणि जंतू जखमेतून शिरतात, तेव्हा गमबूट मिळतील का हे आधीच विचारा. फवारणीचं काम पाहुण्या कलाकाराकडे देणार नाही, हेही लेखी घ्या.

काही जागा अर्जासोबतच पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. पंधरा दिवसांच्या मुक्कामासाठी, निवड व्हायच्या आधी, पैसे आणि हेलपाटे घालून हा कागद प्रत्येकाने का काढावा? निवड झालेल्यांकडूनच तो मागितला पाहिजे. अर्ज ऑनलाइन होतो, पण पडताळणी तुम्ही राहता त्या पोलीस ठाण्यातून होते, आणि आधारवरचा पत्ता गावचा व राहणं मुंबई-पुण्यात असलं की तिथेच गाडी अडते. भाडेकरार हाताशी ठेवा. दाखला वेळेत मिळत नसेल तर अर्ज केल्याची पावती जोडा आणि तसं कळवा. ओळखीसाठी आधारची प्रत देताना शेवटचे चारच आकडे दिसणारी द्या.

अंतिम तारीख नीट वाचा. ‘31 ऑगस्टपर्यंत पोहोचले पाहिजेत’ म्हणजे त्या दिवशी पोस्टात टाकून चालत नाही. याहून जास्त फसगत शिफारसपत्रात होते. ते बहुतेक ठिकाणी तुम्ही जोडायचं नसतं, शिफारस करणाऱ्याने थेट पाठवायचं असतं, आणि त्यालाही तीच मुदत असते. हिवाळ्यातल्या मुक्कामाचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागवले की मध्ये गणपती येतात. सर गावी गेलेले, फोनला रेंज नाही, पत्र राहून जातं. एवढ्यावरून चांगला अर्ज बाद झालेला पाहिला की फार वाईट वाटतं. म्हणून आषाढातच त्यांना सांगून ठेवा, त्यांनी पाठवलं का हे मुदतीच्या आठवडाभर आधी विचारा, आणि संकोच करू नका.

बाकी फोटो, ओळखपत्र, घरच्या माणसाचा फोन नंबर हे नेहमीचं.

पैसे भरण्याआधी जागा खरी आहे का ते तपासा. न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. कृषी पर्यटन केंद्र असेल तर पर्यटन संचालनालयाचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, तेव्हापासून ही नोंदणी होते. कोणाच्या खाजगी यूपीआय खात्यावर ‘जागा राखून ठेवायला’ रक्कम पाठवू नका.

निवड झाल्यावर येणारा करार आनंदाच्या भरात न वाचता सही करून पाठवतात. कामाचे तास, सुट्टीचा वार, जेवणाचा खर्च आणि इजा झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, हे त्यात असायला हवं. ‘एक कलाकृती संस्थेकडे राहील’ हे कलम सर्रास असतं. कलाकृती देणं वेगळं आणि तिचे हक्क देणं वेगळं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क सहीच्या लेखी कागदाशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले तर सही थांबवा आणि ते काढायला सांगा. सांगितल्यामुळे निवड रद्द होईल ही भीती बाळगू नका.

कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं आणि शिमगा, मे महिना, गणपती यांच्या गाड्या लगेच भरतात. निकाल त्याच्या आत लागणार नसेल तर मुक्कामाची सुरुवात दोन-तीन दिवस मागेपुढे चालेल का, ते अर्जातच विचारून ठेवा. निवासाच्या प्रतीक्षायादीत नाव असेल आणि तुमचं येणं रद्द झालं, तर त्याच दिवशी कळवा. पुढच्या माणसालाही डॉक्टरकडे जायचं आणि तिकीट काढायचं असतं.