बेळगाव सीमाभागातून मर्चंट नेव्हीत जायचंय? जीपी रेटिंगची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

'पोराला जहाजावर लावतो' म्हणत कुणी आगाऊ पैसे मागत असेल, तर त्याला होकार देण्याआधी ही माहिती वाचा.

दहावी झालेल्या मुलांसाठी खलाशी होण्याची सरळ वाट म्हणजे जनरल पर्पज रेटिंग, म्हणजेच जीपी रेटिंग. कोर्स सहा महिन्यांचा आणि निवासी आहे. दोरकाम, रंगकाम, सुकाणूवरची ड्युटी, इंजिन रूममधली कामं, असं डेक आणि इंजिन दोन्हीकडचं शिक्षण त्यात मिळतं.

वय साडेसतरा ते 25. दहावीला गणित आणि विज्ञान हवं, एकूण किमान 40 टक्के हवेत आणि इंग्रजीतही 40 टक्के. म्हणजे एसएसएलसीला, कर्नाटक बोर्डाच्या दहावीला, 625 पैकी 250. आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांची गाडी बहुतेकदा इंग्रजीवर अडते. नुसतं पास होणं इथे पुरत नाही. दहावीला इंग्रजीत कमी पडले असतील तर बारावीच्या इंग्रजीचे गुण चालतात. महाराष्ट्र बोर्डाची दहावी केली असेल तरी हरकत नाही.

फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा असेल तर डेकवर घेत नाहीत, आणि कितीतरी मुलांना तो आहे हेच ठाऊक नसतं. अधिकृत मेडिकल मात्र केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडूनच करावं लागतं. गावच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. मार्कशीटवर 'पाटील एस. आर.', आधारवर 'संतोष रामचंद्र पाटील', आणि इंग्रजी स्पेलिंग कन्नड उच्चारावरून केलेलं. पासपोर्टवर आद्याक्षरं चालत नाहीत, पूर्ण नाव लागतं. म्हणून पासपोर्टचा अर्ज करण्याआधी मार्कशीट, आधार आणि जन्मदाखला शेजारी-शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. मार्कशीटमध्ये चूक असेल तर आधी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. या कामाला वेळ लागतो, तेव्हा दहावीचा निकाल लागताच त्यामागे लागा. पासपोर्टसाठी बेळगावच्या पोस्टातल्या सेवा केंद्रात अपॉइंटमेंट घेता येते.

पासपोर्ट हातात आला की महासंचालनालयाच्या पोर्टलवर इंडोस नंबरसाठी ऑनलाइन अर्ज करायचा. दर्यावर्दी म्हणून हीच तुमची कायमची ओळख. संस्था मुंबईची असो की गोव्याची, तिचं नाव मान्यताप्राप्त यादीत आहे का आणि नेमक्या याच कोर्सला मान्यता आहे का, दोन्ही पाहा. मान्यता नसलेल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर सीडीसी, म्हणजे जहाजावर काम करायला लागणारं खलाशाचं नोंदणी पुस्तक, मिळत नाही. फी आणि सहा महिने, दोन्ही पाण्यात.

कोर्सनंतर एक्झिट परीक्षा असते. सीडीसीचा अर्जही ऑनलाइनच होतो. त्याला पासपोर्ट, इंडोस, दहावीची मार्कशीट, कोर्सचं प्रमाणपत्र आणि एसटीसीडब्ल्यू, म्हणजे दर्यावर्दींच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारची मूलभूत प्रमाणपत्रं लागतात: समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा व जबाबदाऱ्या आणि जहाजाची सुरक्षा. सीडीसी 10 वर्षं चालते.

नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांच्या भरतीचा परवाना, हवाच, आणि तो मुदतीत आहे की नाही हे महासंचालनालयाच्या साइटवर तपासता येतं. मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसीचा खर्च तुमचा. नोकरी लावण्यासाठी मात्र खलाशाकडून एक रुपयाही घेता येत नाही. मागितलाच, तर पावती, मेसेज, फोन नंबर जपून ठेवा आणि थेट महासंचालनालयाकडे तक्रार करा.