घडीत पाण्याचा वाटा

जाड कागदाची घडी पक्की बसवायची तर कागद आधी ओलसर करावा, हे पहिल्यांदा ऐकताना उलटंच वाटतं. भिजला की कागदाचा चोथा होतो, एवढंच आपल्याला ठाऊक. पण हातकागदाला घड्या घालून उठावचित्रं करणाऱ्याच्या टेबलावर कात्रीइतकीच पाण्याच्या फवाऱ्याची बाटली हाताशी लागते.

हातकागद मराठवाड्याला नवा नाही. दौलताबादहून वेरूळकडे जाताना कागजीपुरा लागतं. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा कागद करणारी घराणी इकडे आली, असं सांगतात. सुती चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवायचा, त्यात जाळी बुडवून उचलायची आणि पाणी गळत असताना ती मागेपुढे, डावीउजवीकडे हलवायची. सगळी मेख या हलवण्यात आहे. गिरणीत लगदा धावत्या जाळीवर पडतो, त्यामुळे बरेचसे तंतू एकाच दिशेला लागतात; वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटतं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं, ते म्हणूनच. हातकागदात तंतू हवे तसे पसरलेले असतात. त्याला कुठल्याही कोनात घडी घाला, ती जवळपास सारखीच वळते.

आता पाणी. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची गुंतवळ, आणि तंतूंना एकमेकांशी धरून ठेवतात ते हायड्रोजन बंध. एकेक बंध दुबळा, पण संख्या अफाट. जाड कागद कोरडाच दुमडला की घडीच्या बाहेरच्या अंगाला ताण बसतो, आतल्या अंगाला तंतू चेपतात. बाहेरचे काही तंतू तुटून घडीच्या धारेवर पांढुरकी लव उभी राहते. एकदा ती आली की काही केल्या लपत नाही. ओल असेल तर पाण्याचे रेणू तंतूंमध्ये शिरून बंध सैल करतात. तंतू तुटण्याऐवजी सरकतात, आणि कागद वाळला की नव्या जागी नवे बंध जुळतात. जपानच्या अकिरा योशिझावांनी (१९११–२००५) ओरिगामीत ओल्या घडीची हीच पद्धत रुजवली. कागदाला खळ असेल तर आणखी बरं. ती ओलीत मऊ पडते आणि वाळताना आकार धरून ठेवते.

घड्यांना गणिताचाही जाच आहे. सपाट मिटणाऱ्या नक्षीत एका बिंदूला मिळणाऱ्या उंच आणि खोल घड्यांच्या संख्येत नेमका दोनाचाच फरक असावा लागतो. उठावचित्र पुरतं मिटवायचं नसतं, म्हणून कलाकाराला थोडी सूट मिळते.

वेरूळच्या सोळाव्या लेण्यात कैलास हलवणारा रावण खोल कोरलेला आहे, त्याला सावली आपसूक मिळते. कागदाचा उठाव बहुधा बोटभरच. समोरून दिवा मारला तर पांढऱ्यावर पांढरं, काहीच दिसत नाही. प्रकाश बाजूने, तिरपाच हवा.

आणि पाऊस? मे महिन्याच्या कोरड्या हवेत कडक बसलेल्या घड्या जुलैत सैलावतात. कागद हवेतली ओल पितो, तंतू लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी जास्त फुगतात. म्हणून अख्खी पाठ पुठ्ठ्याला डकवणं मला धोक्याचं वाटतं: कागद आणि पुठ्ठा वेगवेगळ्या प्रमाणात फुगले की चित्राला पोक येतं. खळीचे चार ठिपके पुरतात, आणि काच कागदाला न टेकेल इतकी खोल चौकट.