‘एको नॉर्मल आला’ म्हणजे नेमकं काय?

यवतमाळ, वाशिम किंवा गडचिरोलीकडच्या गावात कुणाच्या छातीत भरून आलं की आधी गॅसची गोळी, मग तालुक्याला कार्डिओग्राम आणि तरीही शंका उरली तर नागपूरला, सेवाग्रामला नाहीतर सावंगीला ‘टू डी एको’, अशी वाट ठरलेली असते. तीही हंगामात असेल तर कापूस विकल्यावर. एको चांगला निघाला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. गोची इथंच आहे. हृदय तपासणारी ही यंत्रं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या प्रश्नांसाठी तयार झाली. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चालत नाही.

कार्डिओग्राम सगळ्यांत जुना. विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो घडवला आणि १९२४ चं नोबेल मिळवलं. तो हृदयातली वीज नोंदवतो, चित्र काढत नाही. हृदयविकाराचा झटका चालू असताना तो फार मोलाचा. पण स्वस्थ पडून काढलेला कार्डिओग्राम धमनी अरुंद असतानाही साफ येऊ शकतो.

एकोची गोष्ट स्वीडनमधल्या लुंड शहरातली. जहाजांच्या कारखान्यात धातूच्या जोडातली भेग शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ आणि डॉक्टर इंगे एडलर यांनी तसलं यंत्र मिळवून २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली. एडलरना काळजी होती मायट्रल झडपेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची. ती किती आवळली आहे, हे शस्त्रक्रियेआधी त्यांना कळायला हवं होतं. लहानपणच्या घशाच्या संसर्गातून संधिवाताचा ताप आणि त्यातून झडप खराब होणं हा गरिबीचा, दाटीच्या घरांचा आजार. आपल्या खेड्यांनाही तो परका नाही, त्यामुळे एको इथं खरोखर कामाचा ठरला. झडपा, कप्पे, भिंतींचं आकुंचन हे सगळं तो दाखवतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमधला ब्लॉकेज मात्र तो सहसा थेट दाखवत नाही. स्नायूला इजा झालेली नसेल तर ब्लॉकेज असूनही एको ‘नॉर्मल’ येतो.

हेच यंत्र गाडीत घालून गावोगाव न्यावं, हा विचार सुचायला सोपा आहे. पण एको हीही सोनोग्राफीच. सोनोग्राफीचा वापर गर्भाचं लिंग ओळखायला झाला, म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. तेव्हापासून अशा यंत्रांच्या नोंदणीवर आणि ने-आणीवर कडक बंधनं आहेत. ती बंधनं योग्यच आहेत, असं माझं मत. पण हृदयाच्या तपासणीलाही त्यांची झळ लागते.

धमनी पाहायची सोय अमेरिकेत क्लीव्हलँडला डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून १९५८ साली, तीही अपघाताने झाली. हृदयापर्यंत घातलेल्या नळीतलं, क्ष-किरणांत दिसणारं औषध चुकून थेट उजव्या धमनीत गेलं आणि पडद्यावर धमनी उमटली. ही अँजिओग्राफी, म्हणजे शरीरात नळी घालणं आलं. नळी टाळायची तर सीटी स्कॅन हवा. तो १९७० च्या दशकात आला, पण धडधडतं हृदय टिपायला त्याचा वेग बराच वाढावा लागला. १९९० मध्ये आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी धमनीत साचलेला चुना, म्हणजे कॅल्शियम, मोजायची पद्धत मांडली. तोच आजचा ‘कॅल्शियम स्कोअर’. पुढे शिरेतून औषध देऊन सीटी अँजिओ होऊ लागली. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ जणांच्या अभ्यासात (२०१८) नेहमीच्या तपासणीला सीटी अँजिओची जोड दिलेल्यांमध्ये पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका २.३ टक्के जणांना, तर इतरांमध्ये ३.९ टक्क्यांना आला. स्कॅन स्वतः काही बरं करत नाही. योग्य माणसाला वेळेवर औषधं सुरू झाली, हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं.

तरीही जाहिरातीतलं ‘हार्ट पॅकेज’ पाहून सरसकट कॅल्शियम स्कोअर काढणं मला पटत नाही. चुना उशिरा साचतो. बावन्न देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आल्याचं दिसलं. नुसता तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याचा धोका सुमारे दुप्पट निघाला. रोज खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाचा स्कोअर शून्य येऊ शकतो आणि धमनीतला, अजून चुना न साचलेला मऊ थर त्यात दिसणारही नाही.

म्हणून स्कॅन कुणाचा करायचा, हे आधी ठरायला हवं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ लोकांचा पाठपुरावा झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान पाहून धोका आधीच ओळखता येतो, हे त्यातून पक्कं झालं. आपल्याकडे तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो फॉर्म भरतात, तो याच विचारातला. वय, कंबरेचा घेर, व्यायाम, दारू, घरातला आजार, असं विचारून गुण देतात. चारच्या वर गेलेल्याला तपासणीसाठी आधी पाठवायचं असतं. रोज तंबाखू खाणाऱ्याला त्यात दोन गुण लागतात, आणि खर्रा हाही तंबाखूच.