लोड खाली येताना मोटर काय करते?

"लोड वर न्यायला मोटर लागते, खाली तर तो आपल्या वजनानेच येतो, त्यात कसला आलाय स्पीड कंट्रोल" असं परवा एक शिकाऊ इंजिनिअर म्हणाला आणि मला राहवलंच नाही.

होइस्टच्या, म्हणजे जड लोड उचलणाऱ्या यंत्राच्या, मोटरचा खरा कस लोड उतरवतानाच लागतो. जुनी पद्धत स्लिप रिंग मोटरची, रोटरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) सर्किटला बाहेरून रेझिस्टन्स जोडायचा, तो वाढवला की स्पीड कमी. सोपं वाटतं ना? गंमत इथेच आहे. 4 पोलच्या मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र 50 हर्ट्झला मिनिटाला 1500 फेरे मारतं. फुल लोड उचलताना रोटर मागे रेंगाळतो, समजा 1440 वर, हा 60 चा फरक म्हणजे स्लिप. टॉर्क (फिरवण्याचा जोर) तेवढाच हवा असेल तर रोटर सर्किटचा एकूण रेझिस्टन्स पाचपट केल्यावर स्लिपही पाचपट, म्हणजे 300, स्पीड 1200. झकास! पण हूक रिकामा असला की टॉर्क नगण्य, मग स्लिपही नगण्य, स्पीड फारसा उतरतच नाही. आणि फुल लोड खाली सोडताना लोडच मोटरला ओढतो, रोटर क्षेत्राच्याही पुढे पळतो, मोटरचा जनरेटर होतो. आता तोच पाचपट रेझिस्टन्स घाला, गिअरबॉक्सचं घर्षण सोडून दिलं तर फरक 300 चाच, पण उलट्या बाजूला, म्हणजे 1800! हळू करायला गेलात आणि लोड सुसाट.

व्हीएफडी, म्हणजे मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलणारा ड्राइव्ह, क्षेत्राचाच वेग बदलतो. 5 हर्ट्झ दिले की क्षेत्र 150 वर, रोटर वर जाताना त्याच्या जरा मागे, खाली येताना जरा पुढे. उतरताना परत आलेली ऊर्जा ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये (आतल्या डीसी सर्किटमध्ये) साठते, व्होल्टेज चढतं, ती जाळायला ब्रेकिंग रेझिस्टर नसेल तर ड्राइव्ह ट्रिप, म्हणजे आपोआप बंद.

ही ऊर्जा लाइनला परत देऊन प्रचंड वीज वाचते असं विकणारे सांगतात, तर हिशोब करा, 10 टन 10 मीटर खाली आले की 981 किलोजूल, म्हणजे जेमतेम पाव युनिट, तेही लॉस न धरता. दिवसभर जड लोड उतरवायचा असेल तरच त्यात अर्थ.

नुसतं उचलून ठेवायचं काम असेल तर दोन स्पीडची साधी मोटर पुरते. मिलिमीटरने जुळवायचं असेल तर एन्कोडर (मोटरचे फेरे मोजणारा सेन्सर) लावलेला व्हीएफडी घ्या, पण ड्राइव्हने आधी टॉर्क तयार करायचा आणि मगच ब्रेक उघडायचा हा क्रम नीट सेट करा, नाहीतर वर न्यायचं बटण दाबलं की लोड आधी खाली घसरतो.