डागी कार्ड: आहे तसं विकायचं की पुन्हा ग्रेडिंगला पाठवायचं?

कुणाला आजोबांच्या ट्रंकेत विलायती सिगारेटच्या पाकिटातली क्रिकेटपटूंची कार्डं सापडतात, कुणाच्या अमेरिकेतल्या मामांनी तिकडून बेसबॉलची, काही आधीच ग्रेड झालेली, पाठवलेली असतात. ती घेऊन मंडळी आमच्या दुकानात येतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात: आहे तसं विकायचं, की ग्रेडिंगला, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून तिचा आकडा ठरवून घ्यायला, पाठवायचं? कार्ड सांगलीच्या घरातलं असलं, की २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी त्याला लागलं असेल हे धरूनच आम्ही भिंग हातात घेतो.

आमचं मत आधीच सांगतो. बहुतेक डागी कार्डं आहे तशी विकलेलीच बरी. कार्ड ग्रेडिंगसाठी अमेरिकेला पाठवून देण्याचे पैसे आम्ही घेतो, तेव्हा हे सांगण्यात आमचाच धंदा कमी होतो. पण ग्राहक वर्षभराने चिडून परत येण्यापेक्षा ते परवडलं.

ग्रेडिंग अमेरिकेतल्या कंपन्या करतात. पीएसए ही १९९१ पासूनची, शिवाय एसजीसी आणि बेकेट. छपाई मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग कसे आहेत हे बघून १ ते १० मधला आकडा देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. पीएसए काही वेळा आकड्यापुढे अक्षरं लावते: ओसी म्हणजे छपाई एका बाजूला सरकलेली, एसटी म्हणजे डाग, एमके म्हणजे पेनाची खूण. आनंदाच्या भरात आकडा वाचला जातो, अक्षरं राहून जातात. गिऱ्हाईक मात्र तीच आधी वाचतं, आणि ‘८ ओसी’ला ढोबळमानाने ६ चाच भाव देतं.

आता हिशेब. समजा, आज कार्डाला ६,००० रुपये येतात आणि एक ग्रेड वर गेलं तर ९,००० येतील. फी, जाता-येता कुरिअर, विमा, कस्टम मिळून ४,००० गेले, तर ग्रेड वाढूनही हजाराचा खड्डा. नाही वाढला तर चारही हजार गेले. दोन ग्रेडमधल्या भावाचा फरक खर्चाच्या निदान तिप्पट असल्याशिवाय आम्ही पाठवा म्हणत नाही.

पाठवण्यासारखी कार्डंही असतात. पीएसएने अर्ध्या ग्रेड २००८ मध्ये सुरू केल्या. त्याआधी ६ मिळालेलं पण ६ च्या मानाने देखणं कार्ड आज साडेसहा होऊ शकतं. अशा वेळी स्लॅब न फोडता ‘रिव्ह्यू’ला द्यावं: ग्रेड वाढला तर वाढला, नाहीतर कार्ड आहे त्याच डबीत परत येतं. फी मात्र जाते. स्लॅब फोडून नव्याने पाठवलं तर ग्रेड खालीही येऊ शकतो, कडा कापल्याचा संशय आला तर आकडाच मिळत नाही. यूट्यूबवर बघून घरी पक्कड चालवू नका, कोपरा तिथेच मोडतो.

बबलगमसोबत मिळणाऱ्या जुन्या कार्डांवर पाकिटाच्या कागदाचं मेण लागलेलं असतं. पुढच्या गुळगुळीत बाजूवरचं मऊ कापडाने अलगद निघतं. मागच्या खरखरीत पुठ्ठ्यात मुरलेलं निघत नाही. घडीची रेघ, पुराने आलेल्या लाटा, पेनाने लिहिलेलं नाव यांना पुन्हा ग्रेड करून काहीच फरक पडत नाही. हळदीचा डाग उन्हात उडतो हे सांगलीकरांना सांगायला नको, पण त्याच उन्हात कार्डाची शाईही उडते. एका गृहस्थांनी कार्ड दोन दिवस गच्चीवर ठेवलं. डाग गेला, आणि खेळाडूच्या टोपीचा रंगही गेला.

कडा कापून सरळ करण्याचा मोह तर नकोच. होनस वॅग्नर या जुन्या अमेरिकी खेळाडूचं सर्वांत प्रसिद्ध बेसबॉल कार्ड पीएसएने ८ दिलेलं. त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या, हे विक्रेता बिल मॅस्ट्रो याने २०१३ मध्ये अमेरिकी कोर्टात कबूल केलं. त्या कार्डाला तरीही मोल राहिलं, कारण ते वॅग्नरचं होतं. तुमच्या-आमच्या कार्डाला एवढं नशीब नसतं. टॉप्स कंपनीची १९५७ नंतरची नेहमीची कार्डं अडीच इंच बाय साडेतीन इंच असतात. फूटपट्टी लावून बघा. कारखान्यातही थोडंफार कमी-जास्त होतं, पण चांगलीच कमी भरली तर कडा कापलेल्या असू शकतात, आम्हाला सांगा.

विल्सच्या १८९६ च्या मालिकेतलं रणजितसिंहजींचं कार्ड निघालं, तर कुरिअरवाल्याकडे जाण्याआधी आमच्याकडे या. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं येऊ शकतात. असं कार्ड आम्ही इथल्याच संग्राहकाला विकून देणं पसंत करतो.

आहे तसं विकताना दोष झाकू नका. घडीची रेघ तिरक्या उजेडात फोटोत दिसू द्या, मागची बाजूही दाखवा, पुराचं पाणी लागलं असेल तर तसं लिहा. गिऱ्हाईक दोन पैसे कमी देईल, पण कार्ड परत धाडणार नाही.

दुकानात आणताना कार्डांना रबर लावू नका आणि एकमेकांना चिकटलेली सोडवू नका. काही जुन्या सिगारेट कार्डांच्या पाठीला डिंक असतो, तो पावसाळ्यात धरतो. तशीच गठ्ठ्याने आणा. नुसतं बघून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.